चॅटम काउंटीत यूएसडीए लोनमध्ये बसणारं घर कसं शोधायचं

गेल्या वर्षभरात भाच्यासाठी घर शोधताना हा विषय मी इतक्या जणांना फोनवर समजावून सांगितलाय की आता एकदा नीट लिहूनच काढते. भाचा आणि त्याची बायको नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतात, दोघांचं ग्रीन कार्ड झालंय, पगार बरे आहेत पण फार मोठे नाहीत, मुलगी लहान आहे, डेकेअरला भरपूर पैसे जातात आणि दर वर्षी भाडं वाढतं. म्हणजे घराचा महिन्याचा हप्ता ते भरू शकतात, फक्त डाऊन पेमेंटचे दहा-पंधरा हजार डॉलर काही केल्या साठत नाहीत. अशा घरांसाठी अमेरिकन सरकारची एक योजना आहे, शून्य डाऊन पेमेंटवाली, आणि आपल्या लोकांना ती माहीतच नसते कारण तिच्या नावात ‘रुरल’ आहे आणि ती चालवतं तिथलं शेती खातं, म्हणजेच यूएसडीए. शेती खातं म्हटल्यावर आपल्याला वाटतं हे शेतकऱ्यांसाठी असणार, आपला काय संबंध.

तर आधी ते शेती खात्याचं. १९४९ च्या हाउसिंग कायद्यात कलम ५०२ आहे, त्यातून हे कर्ज सुरू झालं, आणि तेव्हा ते खरंच शेतकऱ्यांसाठीच होतं. १९६१ मध्ये शेती न करणाऱ्या, पण गावाकडे राहणाऱ्या लोकांनाही ते मिळायला लागलं. आज शिक्षक, नर्स, मेकॅनिक, ऑफिसात काम करणारे सगळे घेतात, शेताशी काही देणंघेणं लागत नाही. उलट घराबरोबर धंद्याची शेती असेल, म्हणजे ज्यातून उत्पन्न येतं असं ग्रीनहाऊस किंवा मोठा गोठा, तर ते घर या कर्जात बसतच नाही. घरापुरती भाजी लावा, चार कोंबड्या पाळा, त्याला कोणाची हरकत नाही.

या योजनेत दोन वेगळी कर्जं आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. एक गॅरंटीड, त्यात पैसे तुमची नेहमीची बँक किंवा मॉर्गेज कंपनी देते आणि सरकार फक्त त्या बँकेला हमी देतं की कर्ज बुडालं तर मोठा वाटा आम्ही भरून देऊ (ही हमी कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंत असते). दुसरं डायरेक्ट, त्यात सरकार स्वतःच कर्ज देतं, ते कमी आणि अगदी कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असतं, सबसिडी धरून व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं आणि मुदत ३३ वर्षं, काहींना ३८ वर्षंसुद्धा मिळते. पण डायरेक्टमध्ये मिळालेल्या सबसिडीचा काही भाग पुढे घर विकताना परत करावा लागू शकतो, हे सही करायच्या आधी वाचा. आपल्याकडच्या बहुतेक नोकरदार जोडप्यांना गॅरंटीडच लागू होतं, म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल लिहितेय.

पैशाचा हिशेब एकदा बघून घ्या. समजा घर २ लाख ८५ हजार डॉलरचं आहे. एफएचए कर्ज (कमी डाऊन पेमेंटचं, सरकारी विम्याचं दुसरं कर्ज) घेतलंत तर साडेतीन टक्के डाऊन, म्हणजे ९,९७५ डॉलर आधी हातात पाहिजेत, वर पावणेदोन टक्के एकरकमी प्रीमियम आणि साधारण ०.५५ टक्के दर वर्षी. यूएसडीएमध्ये डाऊन शून्य, एकरकमी गॅरंटी फी १ टक्का, म्हणजे अठ्ठावीसशे-एकोणतीसशे डॉलर, आणि तीही खिशातून द्यायची नाही, कर्जातच मिळवता येते. वार्षिक फी ०.३५ टक्के, सुरुवातीला महिन्याला ८३ डॉलरच्या आसपास पडते. मुदत ३० वर्षं, व्याजदर फिक्स. ही वार्षिक फी मात्र कर्ज असेपर्यंत चालू राहते, मधे थांबत नाही, ती धरूनच हप्ता मोजा. अजून एक चांगली सोय आहे जी बरेच जण सांगत नाहीत, घराचं अप्रेझल, म्हणजे तज्ज्ञाने ठरवलेली किंमत, खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त आलं तर तेवढ्या फरकात क्लोजिंगचा, म्हणजे घर नावावर होतानाचा खर्चसुद्धा कर्जात बसवता येतो.

आता कोणाला मिळतं. सिटिझन किंवा ग्रीन कार्ड पाहिजे. एच-वन-बीवर असाल तर हे कर्ज मिळत नाही, सरळ सांगते, कारण आपली कितीतरी मुलं महिनाभर कागद गोळा करतात आणि मग कळतं. एफएचएचं दारही २५ मे २०२५ पासून व्हिसावाल्यांना बंद झालंय, त्यांना कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेलं लोनच बघावं लागतं. घर स्वतः राहायलाच घ्यायचं, भाड्याने द्यायला नाही. क्रेडिट स्कोअरला नियमात ठरलेला किमान आकडा नाही, पण बऱ्याच लेंडरना, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँका-कंपन्यांना, ६४० लागतो. आणि तुमच्या खात्यात २० टक्के डाऊन पेमेंटएवढे पैसे आधीच पडून असतील आणि नेहमीचं कर्ज सहज मिळत असेल, तर ही योजना तुमच्यासाठी नाही.

उत्पन्नाची अट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे दोन वेगळी उत्पन्नं मोजतात आणि हे लेंडरसुद्धा घाईत सांगायला विसरतो. पहिलं उत्पन्न घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं मिळून, कर्जावर त्यांचं नाव असो वा नसो. हे एका मर्यादेच्या आत पाहिजे. २०२५ ची बेस मर्यादा १ ते ४ माणसांच्या घराला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांच्या घराला १,५८,२५० डॉलर होती, काही भागात यापेक्षा जास्त असते, आणि आकडे बदलत असतात म्हणून अर्ज कराल तेव्हाचा बघा. दुसरं उत्पन्न फक्त कर्जावर सही करणाऱ्यांचं, ते हप्ता झेपेल का हे बघायला. पहिलं जास्त असून चालत नाही, दुसरं कमी असून चालत नाही.

उदाहरण देते. नवऱ्याचे ५८ हजार, बायकोचे ३२ हजार, एक मुलगी, आणि घरात धाकटा दीर राहतो त्याचे ४० हजार. दिराचं कर्जावर नाव नाही, तरी तो त्या घरात राहणार म्हणून त्याचे ४० हजार धरले जातात, बेरीज १ लाख ३० हजार, म्हणजे बेस मर्यादेच्या वर. इथे बरेच जण नाद सोडतात. पण वजावटी आहेत ना. मुलीचे ४८० डॉलर वजा होतात, आणि आईवडील कामाला जातात म्हणून १२ वर्षांपर्यंतच्या मुलाचा डेकेअरचा खर्च वजा होतो, तो समजा १० हजार आहे, तर उरले १,१९,५२०. बसलं, ३३० डॉलरनी का होईना. आणि याच घरात सासूबाई ग्रीन कार्डवर कायमच्या राहात असतील तर माणसं पाच झाली, मर्यादा थेट १,५८,२५० ची लागते, फक्त सासूबाईंचं काही उत्पन्न असेल तर तेही सांगावं लागतं. आपली घरं एकत्र राहणारी असतात, म्हणून हा हिशेब आपल्या बाबतीत कधी नडतो आणि कधी उपयोगी पडतो, दोन्ही.

हप्त्याचा साधा नियम २९ आणि ४१ चा. महिन्याचं कर कापायच्या आधीचं उत्पन्न ७,५०० असेल तर घराचा पूर्ण हप्ता, म्हणजे मुद्दल, व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स आणि ती वार्षिक फी, साधारण २,१७५ च्या आत, आणि गाडीचं लोन, स्टुडंट लोन, क्रेडिट कार्ड सगळं धरून ३,०७५ च्या आत. स्कोअर चांगला असेल तर थोडं वर चालवून घेतात. पण घर शोधायच्या आधी नवीन गाडी घेऊ नका एवढं मी हात जोडून सांगते, कारण महिन्याला ६०० डॉलरचा गाडीचा हप्ता म्हणजे मंजूर होणारं घर एकदम खूप स्वस्त होऊन बसतं आणि त्या किमतीत मग काही मिळत नाही.

आता मूळ मुद्दा, घर कुठे शोधायचं. नियमात ‘रुरल’ म्हणजे मोकळा ग्रामीण भाग, किंवा १० हजारांपर्यंत लोकसंख्या असलेलं गाव. १० ते २० हजारांचं गावही चालतं, जर ते मोठ्या शहराच्या मेट्रो भागात येत नसेल आणि तिथे कर्ज मिळण्याची अडचण असेल. आणि काही जुनी गावं, जी आधीपासून रुरल धरली गेली होती, ती ३५ हजारांपर्यंत वाढली तरी अजून यादीत टिकून आहेत. शिवाय गाव शहराला चिकटलेलं नको. हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही, कारण शेती खात्याने हे सगळं नकाशावर काढून ठेवलंय, आणि देशाच्या एकूण जमिनीपैकी ९७ टक्के त्यात बसते असं सांगतात. पण लोक जिथे दाटीने राहतात तो सगळा उरलेल्या ३ टक्क्यांत, म्हणून ९७ ऐकून हुरळून जायचं नाही.

मी भाच्याला चॅटम काउंटी सुचवली. कॅरीच्या पश्चिमेला, यूएस ६४ ने जॉर्डन लेकच्या अलीकडेच तिची हद्द लागते. पिट्सबरो हे काउंटीचं मुख्य गाव, २०२० च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आसपास लोक. सायलर सिटी त्याच्याही पश्चिमेला, ७,७०२ लोक. बाकी गोल्डस्टन, बेअर क्रीक, बेनेट, मॉन्क्युअर ही अगदी छोटी वस्तीची ठिकाणं. पण याच काउंटीत उत्तरेला चॅपल हिलच्या बाजूने मोठमोठी सबडिव्हिजन (घरांच्या नव्या वसाहती) झालीत, आणि पूर्वेला कॅरी शहराची हद्दच काउंटीत शिरलीय. म्हणजे एकाच काउंटीत दोन टोकं. ‘चॅटम रुरल आहे का’ या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही, प्रश्न प्रत्येक पत्त्याचा असतो. हे एवढं एक पक्कं बसलं ना, की अर्धा मनस्ताप वाचतो.

आमचा वाचला नाही. भाच्याला एक घर फार आवडलं, तीन बेडरूम, मागे ओकची झाडं, पत्ता चॅटम काउंटीतला, आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिलेलं की यूएसडीए एलिजिबल. रिअल्टरने पण मान डोलावली. शनिवारी सकाळी माझ्याकडे पोहे खाता खाता मी म्हटलं, अरे नकाशा बघितलास का? तो म्हणाला, ‘मावशी, लिस्टिंगमध्ये लिहिलंय की.’ लॅपटॉप उघडला, पत्ता टाकला, पिन पडली ती रंगवलेल्या, म्हणजे बाद भागात, आणि झूम केलं तर रंगाची कड बरोब्बर घरासमोरच्या रस्त्यावरून गेलेली. रस्त्यापलीकडचं घर चालत होतं, हे नाही. भाच्याची बायको किती तरी वेळ नुसती त्या रेषेकडे बघत बसली. त्यांनी घर दोनदा जाऊन बघितलं होतं, मुलीची खोली कुठली हेसुद्धा ठरलं होतं. लिस्टिंगमध्ये ते वाक्य टाकणारा एजंट मुद्दाम खोटं बोलला असं मी म्हणत नाही, शेजारच्या घराचं बघून टाकलं असेल किंवा जुन्या नकाशावरून, पण त्रास व्हायचा तो झालाच.

म्हणून नकाशा स्वतः बघायचा, आणि तो कसा बघायचा तेही सांगते कारण त्यात चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. यूएसडीएची प्रॉपर्टी एलिजिबिलिटीची साइट उघडलीत की आधी कुठल्या योजनेचा नकाशा ते निवडावं लागतं. तिथे ‘सिंगल फॅमिली हाउसिंग गॅरंटीड’ निवडा. धंद्याच्या कर्जांचाही नकाशा तिथेच असतो, त्यात ५० हजार वस्तीपर्यंतची गावं रुरल धरतात, तो चुकून उघडला तर सगळीकडे हिरवा कंदील दिसतो आणि तो खोटा असतो. मग अटी मान्य करून पत्ता टाकायचा. रंगवलेला भाग म्हणजे बाद, कोरा भाग म्हणजे चालेल. आपल्याला सवय उलटी असते, रंगवलंय म्हणजे योजना इथे आहे असं वाटतं, माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने दोन महिने रंगीत भागातच घरं बघितली.

पत्त्यातल्या गावाच्या नावावर जाऊ नका. टपालाचं गाव आणि खरी हद्द वेगळी असते. उत्तर चॅटममधल्या कितीतरी घरांच्या पत्त्यात चॅपल हिल लिहिलेलं असतं, पूर्वेकडच्या काहींना एपेक्स, पण ती घरं त्या शहरांच्या हद्दीत नसतात. चॅपल हिल नाव बघून, ६० हजारांच्या वर वस्तीचं शहर, नाहीच चालणार म्हणून यादीतून काढू नका, आणि पिट्सबरो नाव बघून चालणारच असंही धरू नका. पिन कुठे पडते तेच खरं. नवीन बांधकामाचा पत्ता बऱ्याचदा नकाशाला सापडत नाही, तेव्हा जवळचा चौक शोधून हाताने झूम करत प्लॉटपर्यंत जायचं, आणि काउंटीच्या जीआयएस (प्लॉटच्या हद्दी दाखवणाऱ्या) नकाशावर तोच प्लॉट ताडून बघायचा. पिन अगदी कडेवर पडली तर लेंडरला सांगून शेती खात्याच्या ऑफिसकडूनच लेखी विचारून घ्या. नकाशा कायमचा नसतो हेही लक्षात ठेवा, जनगणनेचे आकडे आले की रेषा सरकतात, आणि पिट्सबरोसारखं गाव, जिथे चॅटम पार्क नावाच्या नव्या वसाहतीचं प्रचंड मोठं काम चालू आहे, ते आज आहे तसं दहा वर्षांनी राहणार नाही.

शोधायची पद्धत आम्ही मग उलटी केली. आधी घर आणि मग नकाशा, असं नाही. आधी नकाशा उघडून कोरे भाग कुठले ते बघितलं, ऑफिसला जायला किती वेळ लागेल ते प्रत्यक्ष सकाळी साडेसातला गाडी चालवून बघितलं (यूएस ६४ वर सायलर सिटीहून कॅरी म्हणजे गंमत नाही, दोघांनी वेगवेगळ्या दिवशी करून बघितलं), आणि मग रिअल इस्टेट ॲपमध्ये बोटाने तेवढाच भाग आखून त्यातलीच घरं दाखव म्हटलं. त्यामुळे घरं कमी दिसली, पण दिसली ती बघण्यासारखी होती.

गावाबाहेरचं घर म्हटलं की दोन गोष्टी येतात ज्या अपार्टमेंटवाल्यांना माहीत नसतात, विहीर आणि सेप्टिक. इथली विहीर म्हणजे आपली बोअरवेल, अंगणात एक पाइप वर आलेला असतो, कधी कधी त्यावर दगडासारखं दिसणारं प्लास्टिकचं झाकण. पाण्याची टेस्ट करावीच लागते, लेंडरला तिचा रिपोर्ट लागतो, पण तुम्ही स्वतःसाठी जास्तीची करून घ्या. सेप्टिकची टाकी आणि विहीर यात साधारण ५० फूट आणि सांडपाणी जिथे जमिनीत मुरतं त्या जागेपासून १०० फूट अंतर बघतात. आम्ही सायलर सिटीच्या बाजूला दुसरं घर बघायला गेलो तेव्हा मी भाच्याला घरात शिरायच्या आधी मागच्या अंगणात नेलं. लाल चिकणमाती, बुटाला चिकटणारी, आणि एका पट्ट्यात गवत बाकीपेक्षा गर्द हिरवं. आठवडाभर पाऊस नव्हता तरी तिथे पाऊल ठेवलं की जमीन पचपचत होती. सांडपाणी नीट मुरत नाही याची ती खूण असते. चॅटमच्या पूर्व भागात तर मातीच अशी आहे की पाणी लवकर मुरत नाही, तिथे सेप्टिक हा मोठ्या खर्चाचा विषय होतो. इन्स्पेक्टरने टाकी उघडून बघितली आणि तेच सांगितलं, विकणाऱ्याने दुरुस्तीला नकार दिला, घर सोडलं. वाईट वाटलं पण शून्य डाऊन पेमेंटने घर घेणाऱ्याकडे हजारो डॉलरचं नवीन सेप्टिक घालायला पैसे कुठून येणार.

गावाचं पाणी असेल तरी चौकशी करा. पिट्सबरोचं पाणी हॉ नदीतून येत आलंय आणि त्या नदीत वरच्या गावांच्या कारखान्यांमधून पीफास नावाची, वर्षानुवर्षं नष्ट न होणारी रसायनं आली होती, म्हणून २०२२ मध्ये गावाने कार्बनचे मोठे फिल्टर बसवले. हे घाबरवायला नाही सांगत, लहान मूल घरात असेल तर पाणी कुठून येतं हे माहीत असावं म्हणून सांगते.

बाकी घराची अट फार कडक नसते, घर सुरक्षित आणि राहण्यासारखं पाहिजे. छप्पर गळकं नको, हीटिंग चालू पाहिजे, उघड्या वायरी नकोत. अप्रेझर आला की हे बघतो आणि दुरुस्ती लिहून देतो, ती साधारणपणे क्लोजिंगच्या आधी करावी लागते. म्हणून ‘आहे तसं’ विकायला काढलेली स्वस्त घरं या कर्जात बरेचदा अडकतात.

शेवटचं वेळेचं. इथे मंजुरी दोनदा लागते. आधी लेंडर सगळं तपासतो, मग फाइल शेती खात्याकडे जाते आणि तिथून कंडिशनल कमिटमेंट नावाचा कागद आला की मगच क्लोजिंग. हा कागद कधी दोन-चार दिवसांत येतो, कधी गर्दी असेल तर दोन-तीन आठवडे. सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि पैसा संसदेने मंजूर करायचा असतो, म्हणून शटडाऊन झालं, म्हणजे पैसा मंजूर न होता सरकारी कामं थांबली, की नवीन कमिटमेंट निघतच नाहीत. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर असं झालं, तेव्हा ज्यांचं क्लोजिंग ऑक्टोबरात होतं त्यांची काय अवस्था झाली असेल. म्हणून ऑफर लिहिताना ३० दिवसांचं क्लोजिंग कबूल करू नका, ४५ मागा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबर असेल तर तारीख पुढे नेता येईल असं करारात लिहून घ्या. यूएसडीएची कर्जं रोज करणारा लेंडर निवडा, पहिल्याच फोनला विचारा की गेल्या वर्षी अशी किती केलीत, उत्तर द्यायला तो अडखळला तर दुसरा शोधा. भाच्याने तिसरं घर बघितलंय, पिन कोऱ्या भागात आहे, पाण्याचा रिपोर्ट चांगला आलाय, सेप्टिक उघडून बघितलं ते ठीक निघालं, फाइल लेंडरने मंगळवारी शेती खात्याला पाठवली, आणि मुलगी रोज विचारते की कोंबड्या कधी आणायच्या.